इशाऱ्यापुरती फौज

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या वर्षभरात पोलंडनं दोन तात्पुरत्या फौजा उभ्या केल्या. पहिली सप्टेंबर 1938 मध्ये, चेकोस्लोव्हाकियाकडून झाओल्झे हा सरहद्दीवरचा पट्टा घेण्यासाठी. तिचं नाव ‘सिलेशिया’ स्वतंत्र ऑपरेशनल ग्रुप. दुसरी ऑगस्ट 1939 मध्ये, डान्झिग शहरात नाझींनी उठाव केला तर तो मोडून काढण्यासाठी. तिचं नाव हस्तक्षेप कोअर. पहिलीनं जवळपास गोळी न झाडता काम फत्ते केलं आणि तिच्यावर फुलं उधळली गेली. दुसरी एक दिवसही न लढता 31 ऑगस्टला, म्हणजे जर्मन हल्ल्याच्या आदल्या दिवशी, मोडीत काढली गेली. महायुद्धाच्या इतिहासात या दोघींच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात. मला मात्र त्या एकत्र वाचाव्याशा वाटतात, कारण एक प्रश्न त्या फार स्पष्टपणे समोर ठेवतात: सरकार सैन्य हलवतं तेव्हा ते लढण्यासाठी हलवतं की कुणाला तरी काही दाखवण्यासाठी? आणि दाखवण्यासाठी हलवलेल्या सैन्यावर खरंच लढायची वेळ आली तर काय?

कोणत्याही देशात तणाव वाढला की ‘फौजा सरहद्दीवर पाठवा’ ही मागणी सगळ्यात आधी होते. ती करणाऱ्याला फौज ही एक तयार वस्तू वाटते, उचलली आणि ठेवली. पोलंडच्या या दोन फौजा कशा बांधल्या गेल्या ते पाहिलं की हा समज टिकत नाही.

शांततेच्या काळात पोलिश सैन्यात डिव्हिजनच्या, म्हणजे काही हजार सैनिकांच्या दलाच्या, वरची लढाऊ रचनाच नव्हती. पायदळाच्या 30 डिव्हिजन होत्या, घोडदळाच्या 11 ब्रिगेड होत्या आणि एक मोटारीवरची ब्रिगेड होती. देशाचे 10 कोअर-जिल्हे पाडलेले होते, पण ते कारभारापुरते: भरती, कोठारं, बराकी, इस्पितळं. जर्मनीत एखाद्या कोअरचा, म्हणजे दोन-तीन डिव्हिजनच्या गटाचा, सेनापती, त्याचे कर्मचारी, त्याचं संदेशवहन आणि त्याचा तोफखाना शांततेतही एकत्र सराव करत. पोलंडमध्ये वॉर्सातल्या महानिरीक्षणालयात ‘आर्मी निरीक्षक’ म्हणून काही जनरल असत. प्रत्येकाकडे सरहद्दीचा एकेक भाग अभ्यासासाठी दिलेला असे आणि मदतीला मोजकेच अधिकारी. युद्ध झालं की यांनीच आर्मी कमांडर व्हायचं. मधली जागा भरायला वेळेवर ‘ऑपरेशनल ग्रुप’ नावाचा गट तयार करायचा: एक जनरल, इकडून तिकडून घेतलेले स्टाफ अधिकारी, आणि त्या त्या कामाला लागतील तेवढ्या डिव्हिजन.

ही पद्धत मूर्खपणाची नव्हती. 1919-20 च्या बोल्शेविकांशी झालेल्या युद्धात आघाडी अफाट लांब होती, फौजा विरळ होत्या आणि आज इथं तर उद्या तिथं धावावं लागे. तिथं असे लवचिक गट उपयोगी पडले. पोलंडचे तेव्हाचे सेनानी आणि पुढचे सत्ताधीश पिउसुद्स्की यांच्या हाताखाली वाढलेल्या अधिकाऱ्यांची तीच शाळा होती. पण 1920 मध्ये समोरचा शत्रूही तसाच विस्कळीत होता, आणि घोडेस्वारानं नेलेला आदेश वेळेवर पोचू शकत होता. 1938 मध्ये बिनतारी संदेश, विमानविरोधी तोफा, रणगाडा दुरुस्तीच्या टोळ्या, पेट्रोलचा पुरवठा हे सगळं वरच्या पातळीवर आधीपासून बांधलेलं असावं लागतं. पाच दिवसांत जमवलेल्या स्टाफला यातलं काहीच जन्मजात मिळत नाही. हाताखालच्या डिव्हिजन कमांडरची सवय काय, कोणाच्या रेडिओवर विसंबायचं, कोणती रेजिमेंट रात्रीच्या कूचीत मागे पडते, हे त्या जनरलला ठाऊक नसतं.

आता झाओल्झेकडे वळू. इथं पोलंडची बाजू आधी नीट मांडायला हवी, नाहीतर पुढची टीका अन्यायाची होईल.

ओल्झा नदीच्या काठचं चेशिन हे जुन्या ऑस्ट्रियन साम्राज्यातलं गाव. आसपास कार्विनाच्या कोळशाच्या खाणी, त्रिनेत्सचा लोखंडाचा कारखाना, आणि बोहुमिनहून कोशित्सेला, म्हणजे स्लोव्हाकियात, जाणारी रेल्वे. 1910 च्या ऑस्ट्रियन जनगणनेत नदीपलीकडच्या पट्ट्यात पोलिश बोलणारे बहुसंख्य होते. साम्राज्य कोसळलं तेव्हा 5 नोव्हेंबर 1918 रोजी स्थानिक पोलिश आणि चेक समित्यांनी आपापसांत बसून भाषेप्रमाणे वाटणी केली. ती टिकली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण रेल्वे आणि कोळसा प्रागला सोडवेना. पोलंडचं सैन्य ल्वुवच्या बाजूला युक्रेनियन लोकांशी लढण्यात गुंतलेलं असताना 23 जानेवारी 1919 रोजी चेक फौजा चालून आल्या. लढाई आठवडाभर चालली. पुढे लोकमत घ्यायचं ठरलं, ते झालंच नाही. शेवटी 28 जुलै 1920 रोजी, लाल सेना वॉर्साच्या दिशेनं सरकत असताना, बड्या राष्ट्रांच्या राजदूतांनी ओल्झा नदीवर रेघ ओढली. चेशिन गाव मधोमध कापलं गेलं. जुना चौक आणि किल्ला पोलंडला, रेल्वे स्टेशन चेकांना.

तेव्हा पोलिश माणसाच्या मनात जी सल राहिली ती खरी होती. आम्ही जिवाच्या आकांतानं लढत होतो आणि शेजाऱ्यानं नेमकं तेव्हा साधून घेतलं, ही भावना अठरा वर्षं जपली गेली, शाळांत शिकवली गेली. मात्र या अठरा वर्षांत पट्टा तसाच राहिला नाही. चेक कामगार, शिक्षक, रेल्वे कर्मचारी तिथं आले, काही घरांनी आपली भाषा बदलली, आणि 1930 च्या मोजणीत चेकांची संख्या पोलिशांपेक्षा बरीच जास्त भरली. आकडे कोणी कसे मोजले यावर दोन्हीकडचे लोक आजही वाद घालतात.

सप्टेंबर 1938 मध्ये हिटलर सुडेटनलँड हा चेकोस्लोव्हाकियातला जर्मनभाषिक भाग मागत होता आणि ब्रिटन-फ्रान्स प्रागच्या गळ्यावर हात ठेवून होते. पोलिश परराष्ट्रमंत्री युझेफ बेक यांनी हिशेब केला: जर्मनांना जे मिळेल ते आम्हालाही मिळालं पाहिजे. चेक अध्यक्ष बेनेश यांनी पोलिश अध्यक्ष मोश्चित्स्की यांना पत्र लिहून सरहद्दीत फेरफाराची तयारी तत्त्वतः दाखवली होती. वॉर्साला ती वेळकाढूपणाची चाल वाटली. कदाचित होतीही. व्होलिन प्रांतात त्याच महिन्यात मोठे युद्धसराव चालू होते, त्यामुळे रेल्वे आणि स्टाफ आधीच कामाला लागलेले होते. जनरल व्वादिस्वाव बोर्तनोव्स्की यांच्या हाताखाली सिलेशिया गट जमू लागला. पायदळाच्या डिव्हिजन, घोडदळ, 7टीपी जातीचे नवे रणगाडे, विमानं. माणसं सुमारे 36 हजार. 23 सप्टेंबरला मॉस्कोनं बजावलं की पोलंड चेकोस्लोव्हाकियात घुसला तर 1932 चा अनाक्रमण करार रद्द समजावा. बेक डगमगले नाहीत. सुडेटनलँड हिटलरला देणारा म्युनिचचा करार 30 सप्टेंबरच्या पहाटे सह्या होऊन निघाला आणि त्याच रात्री पोलिश राजदूतानं प्रागमध्ये निर्वाणीचा खलिता दिला. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत. चेकांनी एक तास वाढवून मागितला आणि मान्य केलं.

2 ऑक्टोबरला पोलिश तुकड्या ओल्झावरच्या पुलावरून पलीकडे गेल्या. त्या दिवसांची छायाचित्रं पाहण्यासारखी आहेत. रणगाड्यांवर फुलं, पोलादी टोप घातलेले जवान, रस्त्याच्या कडेला पारंपरिक पोशाखातल्या बायका. कार्विनात गावच्या पोलिश बँडनं फलक धरला आहे: आम्ही सहाशे वर्षं तुमची वाट पाहिली, आणि खाली सालं, 1335-1938. हा आनंद खोटा नव्हता, आणि त्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. त्याच रस्त्यांवरून हजारो चेक कुटुंबं सामान बांधून पश्चिमेकडे निघाली होती हेही तितकंच खरं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ठरलेल्या टप्प्यांनी सगळा पट्टा ताब्यात आला. सुमारे 800 चौरस किलोमीटर, सव्वा दोन लाखांहून जास्त लोक, खाणी, कारखाना, बोहुमिनचं जंक्शन. नोव्हेंबरात स्लोव्हाकियाच्या सरहद्दीवरचे काही तुकडे घेताना चाड्चा आणि झ्दियारपाशी चकमकी झाल्या, माणसं दगावली. मग गट विसर्जित झाला आणि बोर्तनोव्स्की वीर ठरले.

मराठीत मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात, ते हेच. चर्चिल यांनी पुढे पोलंडला याच प्रसंगावरून तरसाची उपमा दिली, ती पोलिश वाचकाला आजही बोचते. ज्यांनी स्वतः म्युनिचला सह्या केल्या त्या पश्चिमेकडच्या लोकांनी ती द्यावी का, हा वेगळा प्रश्न. पण 1920 मध्ये आपल्या अडचणीचा फायदा घेतला म्हणून जो माणूस अठरा वर्षं चिडलेला आहे त्यानं तीच गोष्ट शेजाऱ्याला करावी, याचं समर्थन मला सापडत नाही. पोलंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांनी 1 सप्टेंबर 2009 रोजी डान्झिगजवळच्या वेस्टरप्लाटवर, जगभरच्या पाहुण्यांसमोर, झाओल्झे घेणं ही नुसती चूक नव्हे तर पाप होतं असं सांगितलं. राष्ट्रवादी पक्षाच्या नेत्यानं हे बोलणं सोपं नव्हतं, आणि मला त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

नीतीचा मुद्दा त्यांनी मांडला. लष्करी हिशेबाचा मुद्दा मात्र तेवढ्या जोरानं कोणी मांडत नाही, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

झाओल्झेत सिलेशिया गटाला कुणी विरोधच केला नाही. चेक सैन्यानं वेळापत्रकाप्रमाणे जागा रिकाम्या केल्या, पोलिश सैन्यानं वेळापत्रकाप्रमाणे भरल्या. म्हणजे घाईघाईनं जोडलेला स्टाफ, उसनं संदेशवहन, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या तुकड्या, यांपैकी कशाचीच परीक्षा झाली नाही. रेडिओ बंद पडला तरी काही बिघडलं नसतं. रणगाडा रस्त्यात थांबला तर ढकलून बाजूला घेता आला असता. आकाशात शत्रूचं एकही विमान नव्हतं. तरी निष्कर्ष असा निघाला की पद्धत चालते: जनरल नेमा, डिव्हिजन द्या, आठ-दहा दिवसांत फौज उभी राहते आणि शत्रू नमतो. वर्षभरानं वॉर्सानं नेमकं हेच पुन्हा केलं.

या विजयाची किंमतही तीन आठवड्यांत दिसू लागली. 24 ऑक्टोबर 1938 रोजी जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप यांनी पोलिश राजदूत लिप्स्की यांच्यापुढे मागणी ठेवली की डान्झिग जर्मनीला द्या आणि कॉरिडॉरमधून, म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्या पोलंडच्या चिंचोळ्या पट्टीतून, आमच्या ताब्यातला मोटाररस्ता जाऊ द्या. बोहुमिन पोलंडसाठी सोडताना बर्लिननं उपकार केला नव्हता, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मार्च 1939 मध्ये उरलेला चेक प्रदेश हिटलरनं गिळला. स्लोव्हाकिया त्याचा अंकित झाला आणि पोलंडच्या दक्षिणेची डोंगराळ सरहद्द एका रात्रीत शत्रूची झाली. सप्टेंबरात तिथूनही जर्मन फौजा उतरल्या. चेक सैन्याचे शेकडो रणगाडे आणि स्कोडाचे कारखाने जर्मनीच्या हाती पडले.

इथं एक आक्षेप हमखास येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. पोलंडनं झाओल्झे घेतलं नसतं तर चेकोस्लोव्हाकिया वाचला असता का? नसता. म्युनिचला प्रागचा निकाल लागला होता आणि बेनेश लढणार नव्हते. उलट बोहुमिन आणि कार्विना जर्मनांनी घेतलं असतं. हे मला मान्य आहे. पण माझा मुद्दा चेकोस्लोव्हाकिया वाचवण्याचा नाही. 1938 च्या शरदात पोलंडकडे असलेला वेळ, रेल्वे, स्टाफ अधिकारी आणि जगातली थोडीफार पत हे सगळं 800 चौरस किलोमीटरवर खर्ची पडलं. जर्मनीच्या बाजूनं हल्ला झाला तर काय, याची सविस्तर आखणी पोलिश मुख्यालयात मार्च 1939 मध्ये सुरू झाली. तोवरचं सगळं नियोजन प्रामुख्यानं सोव्हिएत सरहद्दीकडे तोंड करून होतं. ज्या शत्रूशी प्रत्यक्षात गाठ पडणार होती त्याच्यासाठी जेमतेम सहा महिने उरले.

आता दुसरी फौज.

1939 च्या उन्हाळ्यात डान्झिग हे राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचं मुक्त शहर नावापुरतं उरलं होतं. तिथली सत्ता नाझी पक्षाच्या फोर्स्टर यांच्या हाती होती, पोलिश कस्टम अधिकाऱ्यांना अडवण्यावरून ऑगस्टच्या सुरुवातीला ठिणगी पडता पडता राहिली. वॉर्साची भीती अशी: एके सकाळी डान्झिग स्वतःच जाहीर करेल की आम्ही जर्मन राइखमध्ये सामील झालो. एक गोळी झडणार नाही. लंडन आणि पॅरिस म्हणतील, एका जर्मन शहरासाठी महायुद्ध कशाला? म्हणजे दुसरं म्युनिच, या वेळी आपल्या अंगणात. बेक यांनी स्वतः पहिल्या म्युनिचचा फायदा घेतला होता, म्हणून हा धोका त्यांना इतरांपेक्षा स्पष्ट दिसत असावा. यावर उपाय म्हणून सैन्याचे प्रमुख मार्शल रिद्झ-श्मिग्वी यांनी ऑगस्टच्या मध्यावर हस्तक्षेप कोअर उभारायचा आदेश दिला. कमांडर जनरल स्तानिस्वाव स्क्वार्चिन्स्की. हाताखाली 13 वी आणि 27 वी पायदळ डिव्हिजन.

या दोन डिव्हिजनची शांततेतली ठाणी होती रुव्ने आणि कोवेल, देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्होलिनमध्ये, सोव्हिएत सरहद्दीजवळ. कोल्हापूरकरांना तो भाग अगदीच परका नाही. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत जे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले ते बहुतेक याच पूर्व पोलंडमधले, सोव्हिएत सत्तेनं घरातून उचलून सायबेरियाकडे धाडलेले आणि इराणमार्गे इथं आलेले. महावीर उद्यानातला स्तंभ त्यांच्याच आठवणीचा आहे. त्या प्रांतातल्या डिव्हिजन आगगाड्यांतून शेकडो किलोमीटर वाहून आणून डान्झिगच्या तोंडाशी, कॉरिडॉर नावाच्या चिंचोळ्या पट्टीत उतरवल्या गेल्या.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. कॉरिडॉरच्या पश्चिमेला जर्मनी, पूर्वेला जर्मनीचाच पूर्व प्रशिया, उत्तरेला डान्झिग आणि समुद्र. या पट्टीचा बचाव पोमोझे आर्मीकडे होता आणि त्या आर्मीचे कमांडर होते तेच बोर्तनोव्स्की. दोन्ही बाजूंनी हल्ला झाला तर उत्तर भागातलं सैन्य कापलं जाणार, हे समजायला लष्करी शिक्षण लागत नाही. म्हणजे तिथं जितकी कमी माणसं तितकं बरं. हस्तक्षेप कोअरमुळे नेमक्या त्याच सापळ्यात आणखी माणसं, घोडे आणि तोफा जाऊन बसल्या. युद्धसज्ज पोलिश डिव्हिजन म्हणजे सोळा हजारांवर माणसं आणि जवळपास सात हजार घोडे. अशी डिव्हिजन रस्त्यावर आली की पहिली गाडी आणि शेवटची गाडी यांत काही तासांचं अंतर पडतं.

कोअर जमला, जागेवर बसला आणि वाट पाहत राहिला. 25 ऑगस्टला ‘श्लेसविग-होल्स्टाइन’ ही जर्मन युद्धनौका सदिच्छा भेटीच्या नावाखाली डान्झिगच्या बंदरात शिरली. 29 तारखेला पोलंडनं सर्वसाधारण सैन्यभरती जाहीर केली आणि ब्रिटिश-फ्रेंच राजदूतांनी आग्रह धरल्यामुळे काही तासांत मागे घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाहीर केली. त्या गोंधळात गेलेला वेळ परत मिळाला नाही. 31 ऑगस्टला मुख्यालयाची खात्री पटली की डान्झिगपुरतं काही होणार नाही, सगळ्या सरहद्दीवर एकदमच होणार. हस्तक्षेप कोअर त्याच दिवशी बरखास्त. 13 व्या डिव्हिजननं दक्षिणेला, मध्य पोलंडमध्ये जमत असलेल्या प्रुसी नावाच्या राखीव आर्मीकडे जायचं. 27 वी बोर्तनोव्स्कींकडे, आणि तिनं दक्षिणेकडच्या बिद्गोश्च शहराच्या दिशेनं माघार घ्यायची.

म्हणजे 1 सप्टेंबरच्या पहाटे, जर्मन तोफा सुरू झाल्या तेव्हा, 27 वी डिव्हिजन लढाईच्या जागेवर नव्हती. ती रस्त्यावर होती. तिची तोंडं दक्षिणेला, खंदक नाहीत, तारा ओढलेल्या नाहीत, आणि पश्चिमेकडून जर्मन जनरल गुडेरियनची रणगाडा कोअर कॉरिडॉर आडवा कापत येत होती. तुखोलाच्या अरण्यात 9 वी डिव्हिजन, पोमेरेनियाची घोडदळ ब्रिगेड आणि 27 वी यांची कोंडी झाली. 9 वी जवळपास संपली. 27 व्या डिव्हिजनचा काही भाग मोठं नुकसान सोसून बाहेर पडला आणि पुढे ब्झुरा नदीकाठच्या लढाईत खर्ची पडला. 13 वी प्रुसी आर्मीत पोचली खरी, पण ती आर्मी कधी पूर्ण जमलीच नाही. 6 सप्टेंबरला तोमाशुव-माझोव्येत्स्कीपाशी तिची वाताहत झाली.

स्क्वार्चिन्स्की यांना प्रुसी आर्मीचा दक्षिणेकडचा गट देण्यात आला. पुन्हा नवा स्टाफ, पुन्हा अनोळखी डिव्हिजन. 8-9 सप्टेंबरला इव्झापाशी ते वेढले गेले आणि कैद झाले. त्यांच्यासमोरच्या जर्मन तुकड्यांत 3 री लाइट डिव्हिजन होती, आणि तिच्याकडचे बरेच रणगाडे चेक बनावटीचे होते. झाओल्झेच्या फुलांना तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं. बोर्तनोव्स्कीही ब्झुरानंतर जर्मनांचे युद्धकैदी झाले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेतच राहिले. या दोघा जनरलांच्या धैर्यावर मी शंका घेत नाही. त्यांना जे सैन्य दिलं गेलं ते ज्या कामासाठी जमवलं होतं ते काम आणि प्रत्यक्षात आलेलं युद्ध या दोन वेगळ्याच गोष्टी होत्या.

हस्तक्षेप कोअरच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की दुसऱ्या म्युनिचची भीती खरी होती, आणि डान्झिगपाशी पोलिश सैन्य नसतं तर हिटलरनं शहर फुकट घेतलं असतं. हा युक्तिवाद मला सगळ्यात वजनदार वाटतो. पण इशारा देण्यासाठी दोन डिव्हिजन लागत नाहीत, हे डान्झिगनंच सिद्ध केलं. वेस्टरप्लाटच्या छोट्या भूशिरावर सुमारे दोनशे पोलिश सैनिक होते. शहरातल्या पोलिश टपाल कचेरीत पन्नासच्या आसपास माणसं. 1 सप्टेंबरला दोन्ही ठिकाणी बंदुका कडाडल्या. टपाल कचेरी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लढली, वेस्टरप्लाट 7 तारखेपर्यंत. पोलंड झगडा न करता काही सोडणार नाही, हा निरोप जगाला त्या अडीचशे माणसांनी दिला, पूर्ण दिला. त्यांनी दिलेल्या इशाऱ्यात भर घालण्यासारखं हस्तक्षेप कोअरच्या तीस-बत्तीस हजारांकडे काहीच नव्हतं. तेच सैन्य दोन आठवडे आधी बिद्गोश्चच्या दक्षिणेला किंवा प्रुसी आर्मीत खंदक खणत असतं तर पोलंड युद्ध जिंकला नसता. माणसं मात्र आपापल्या जागेवरून लढली असती, आणि काही हजार जण कदाचित त्या अरण्यातून जिवंत परतले असते.

माझा आक्षेप तात्पुरत्या रचनेवर नाही. कोणत्याही सैन्याला कधी ना कधी प्रसंगानुसार गट बांधावा लागतो. ज्या रचनेचा हेतू राजकीय आहे तिला लष्करी नाव देऊन कोणी प्रश्न विचारू नये अशी व्यवस्था करणं, यावर आक्षेप आहे. पिउसुद्स्की 1935 मध्ये वारले आणि त्याच वर्षीच्या राज्यघटनेनं राष्ट्राध्यक्षाला केवळ देवाला आणि इतिहासाला जबाबदार ठरवलं. विरोधी पक्षांनी निवडणुकीवर बहिष्कार टाकला. प्रत्यक्ष निर्णय मोश्चित्स्की, रिद्झ-श्मिग्वी आणि बेक एवढ्यांत होत. हस्तक्षेप कोअरचे कमांडर स्क्वार्चिन्स्की हे त्या वेळी सरकारच्या पाठीराख्या ‘राष्ट्रीय ऐक्य छावणी’चे प्रमुखही होते. सत्ताधारी राजकीय संघटनेचा अध्यक्ष डान्झिगच्या सगळ्यात नाजूक आघाडीवर सेनापती, ही एकच गोष्ट त्या कोअरचा खरा हेतू सांगून जाते. झाओल्झेच्या वेळीही वर्तमानपत्रांत आनंदाला उधाण आलं होतं. खर्च, वेळ आणि पुढच्या धोक्याचा प्रश्न विचारणारे आवाज होते, पण ज्यावरून सरकारला उत्तर देणं भाग पडेल असं व्यासपीठ त्यांच्याकडे नव्हतं.

म्हणून अशी फौज उभारायच्या आदेशातच तिच्या विसर्जनाचा भाग लिहिलेला असावा, आणि निवडून आलेल्या थोड्या तरी लोकांनी तो वाचलेला असावा, असं मी म्हणतो. 27 व्या डिव्हिजनच्या बाबतीत त्या भागात एवढंच लागलं असतं: डान्झिगचा प्रश्न मागे पडला आणि सर्वंकष युद्ध आलं, तर ही डिव्हिजन कोणत्या रस्त्यानं, किती रात्रींत, कोणत्या ओळीवर पोचेल, आणि त्यासाठी कमीत कमी किती दिवस आधी निघेल. हे गणित ऑगस्टच्या मध्याला कागदावर मांडलं असतं तर ती डिव्हिजन इतक्या उत्तरेला पाठवता येत नाही हे तिथल्या तिथे दिसलं असतं. रस्ते मोजलेले होते, घोडे मोजलेले होते, एका रात्रीत पायदळ किती चालतं हे प्रत्येक कॅप्टनला पाठ होतं. आदेश काढणाऱ्यांना हा हिशेब मागणारं कोणी नव्हतं, आणि आगगाड्या व्होलिनहून निघाल्या.